अळी वेचणाऱ्या आया, अळी पाळणारी लेकरं

वरूडहून आम्ही बोलतोय, आम्ही म्हणजे बचत गटाचं समन्वयाचं काम पाहणाऱ्या आणि आमच्या गटातल्या सगळ्या जणी. आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत, बँकेचं पासबुकही नाही. आज आपण फुलपाखराच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. फुलपाखरालाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासात आपल्यासारख्या बाया बऱ्याच आहेत.

सुरुवात झाली ती संत्र्याच्या रोपवाटिकेत. आपल्या वरूड-मोर्शीचा संत्रा सगळ्यांना ठाऊक. शेंदुरजना घाटाच्या रोपवाटिकांतली कलमं कुठकुठल्या गावात लागतात, हेही ठाऊक. पण त्या कलमांची राखण करणारे हात आपले असतात. पावसाळ्यात नवी पालवी फुटली की तिच्यावर अळ्या येतात. मोठ्या झाडाला त्यांचं फारसं वाटत नाही, पण वीतभर रोपाला दोन-चार अळ्या लागल्या की दोन दिवसांत नुसत्या काड्या उरतात. म्हणून बाया ओळीनं चालतात, अळ्या वेचतात आणि डब्यात टाकतात.

आमच्या गटातल्या एका ताईची चौथीतली लेक सुट्टीच्या दिवशी आईसोबत तिथं गेली होती. तिनं डब्यात पाहिलं आणि विचारलं, "माय, हे अळी मोठी होऊन काय होते वं?"

आई म्हणाली, "काय होते? पानं खाऊन लठ्ठ होते, अन् आपली मजुरी कापल्या जाते. चाल, हात चालव."

ताईनं ही गोष्ट बैठकीत हसत सांगितली. आम्हीही हसलो. मग कोणीतरी म्हणालं, "पण खरंच काय होते?" सगळ्या गप्प. आमच्यातल्या काही जणी बी.ए. झालेल्या, काही जणींनी वीस वर्षं त्या अळ्या वेचलेल्या. पण अळीचं पुढं काय होतं, हे एकीनंही शेवटपर्यंत पाहिलेलं नव्हतं. पाहणार कशी? वेचायचं काम, पाहायचं नव्हे.

त्या पोरीनं मग स्वतःच पाहायचं ठरवलं. लोणच्याची रिकामी बरणी, तोंडाला जुन्या साडीचा तुकडा, वर रबर. आत संत्र्याची कोवळी डहाळी आणि एक अळी. रोज ताजं पान द्यायचं, रोज घाण काढायची, रोज वहीत लिहायचं. आधी ती अळी काळपट-पांढरी होती, पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी. कात टाकता टाकता एक दिवस ती हिरवीगार झाली. पोरीनं काडीनं हळूच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दोन शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. मग अळीनं खाणं सोडलं, डहाळीला बारीक धाग्याचा पट्टा बांधून स्वतःला टेकवलं आणि कोष केला. आठवडाभरानं सकाळी बरणीत काळ्या पंखांचं, पिवळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू बसलं होतं. लिंबाच्या झाडाभोवती आपण नेहमी पाहतो तेच.

आईनं ते पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे आपण रोज डबाभर फुलपाखरं मारतो."

हे वाक्य आमच्या मनातून गेलं नाही. मजुरी तर सोडता येत नाही, रोपं तर वाचवावीच लागतात. पण प्रश्न पडला: असं बरणीत अळी ठेवून पाहायचं आधी कोणाच्या मनात आलं होतं? शोधायला लागलो, आणि पहिलंच नाव बाईचं निघालं.

जर्मनीत फ्रँकफर्ट नावाचं शहर आहे. तिथं १६४७ साली मारिया सिबिला मेरियन जन्मली. शिवाजी महाराजांच्या काळातली बाई म्हणा ना. घरात चित्रकारी होती. तेराव्या वर्षी ती रेशमाच्या अळ्या पाळून त्यांची चित्रं काढू लागली. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडं टसर रेशमाचं काम चालतं, तिथल्या बायांना अळी-कोष-पतंग हा फेरा पाठ असतो. पण त्या काळी तिकडच्या बऱ्याच लोकांना वाटे की किडे चिखलातून, कुजक्या घाणीतून आपोआप उपजतात. मारियानं तसं मानलं नाही. तिनं अळ्या घरी आणल्या, कुठली अळी कुठलं पान खाते ते पाहिलं आणि अंडं, अळी, कोष, फुलपाखरू असं सगळं एकाच चित्रात, त्याच झाडावर काढलं. १६७९ साली तिचं अळ्यांवरचं पुस्तक निघालं. ते तिनं विद्वानांच्या लॅटिनमध्ये लिहिलं नाही, आपल्या लोकांच्या जर्मन भाषेत लिहिलं.

पुढं १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या लेकीला घेऊन ती जहाजानं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिथं उसाचे मळे होते आणि त्यावर गुलाम राबत होते. दोन वर्षं तिथल्या झाडा-किड्यांची चित्रं काढून १७०५ साली तिनं मोठं पुस्तक केलं. तिथल्या गुलाम आणि मूळच्या रहिवासी बायांनी तिला झाडांची माहिती दिली. आपल्या अंगणात जो शंकासूर लाल-पिवळा फुलतो, त्याच्याबद्दल तिनं लिहून ठेवलं आहे की आपली लेकरं गुलामीत जन्मू नयेत म्हणून त्या बाया त्याच्या बिया गर्भ पाडायला वापरत. हे वाचून आम्ही बैठकीत बराच वेळ बोललो नाही. माहिती देणाऱ्या त्या बायांची नावं पुस्तकात नाहीत. म्हणून आम्ही लेकरांना एक नियम सांगितला: वहीत लिहिताना "हे मला कोणी सांगितलं" तेही लिहायचं. आजीनं सांगितलं तर आजीचं नाव, गुराख्यानं सांगितलं तर गुराख्याचं नाव.

आता मारियानं पाहिलं ते मोठ्यांसाठी. पण लहान लेकरांनी पाहावं, पाहणं हाच अभ्यास, हे आपल्याकडं कोणी आणलं? इथंही धागा आपल्या अमरावतीशी जुळतो.

ताराबाई मोडक हे नाव अंगणवाडी ताईंना माहीत असेल. त्यांचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळात बी.ए. झालेली बाई म्हणजे बोटावर मोजण्याइतकी. लग्नानंतर त्या अमरावतीला आल्या, पती तिथं वकील होते. तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या, लहान लेकीला घेऊन गुजरातेत राजकोटला गेल्या आणि स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयात काम करू लागल्या. सयांनो, शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन, लेकरू कडेवर घेऊन परमुलखात नोकरी करणं काय असेल, ते आपल्यातल्या एकट्या बायांना वेगळं सांगायला नको.

पुढं भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालमंदिराचं काम केलं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. लहान मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे, त्याला हात लावून, वास घेऊन, निरखून शिकू द्यावं, हा त्यांचा विचार. पण बाहेरून आलेली शिक्षणाची साधनं महाग होती. गावातल्या गरिबाला ती कुठून परवडणार? म्हणून १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आताच्या पालघरमध्ये, बोर्डी गावी काम सुरू केलं आणि शिंपले, बिया, पानं, फुलं, खडे हीच साधनं केली. तिथंच त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि ताराबाईंसोबत जन्मभर राहिल्या. पुढं दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या.

आदिवासी पाड्यांवरची लेकरं शाळेत येईनात, तर या दोघींनी शाळाच पाड्यावर नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. गुरं राखणारी पोरं अंगणवाडीतही येईनात, कारण गुरं कोण राखणार? तर कुरणावरच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसली आहेत, आणि समोर पान, किडा, पाखरू जे असेल त्यावर शिकणं चाललं आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या शेवटापर्यंत, ते काम चालवलं. १९७५ साली सरकारची एकात्मिक बाल विकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज तो शब्द उच्चारला की आपल्याला खिचडी आणि वजनकाटा आठवतो. त्यात पान, किडा, पाखरूही होतं, हे विसरायला नको.

गटातल्या एकीनं विचारलं, "लेकरांनी पाहून काय होणार? शोध तर मोठी माणसं लावतात." तिच्यासाठी ही पुढची गोष्ट.

आपल्याकडं रुईच्या झाडावर नारिंगी रंगाचं, काळ्या-पांढऱ्या कडेचं फुलपाखरू असतं. त्याचंच एक मोठं भावंड अमेरिकेत आहे, त्याला मोनार्क म्हणतात. हिवाळा आला की कॅनडा-अमेरिकेतली ही फुलपाखरं गायब होत. जातात कुठं, हे तिकडच्या शास्त्रज्ञांना माहीत नव्हतं. कॅनडातले फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांची पत्नी नोरा यांनी फुलपाखराच्या पंखाला चिकटणारी इवलीशी चिठ्ठी तयार केली. १९५२ पासून त्यांनी सामान्य लोकांना हाक दिली की फुलपाखरं धरा, चिठ्ठी लावा, सोडा, आणि कुठं सापडलं तर कळवा. शेकडो लोक सामील झाले, त्यात शिक्षक होते, शाळेतली पोरं होती. जानेवारी १९७५ मध्ये मेक्सिकोच्या डोंगरात केन ब्रुगर आणि कातालिना आग्वादो यांना झाडंच्या झाडं फुलपाखरांनी लगडलेली दिसली. डोंगरातल्या गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती, पण त्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं. पुढच्या वर्षी फ्रेड स्वतः तिथं गेले. फुलपाखरांच्या भारानं एक फांदी मोडून पडली आणि त्या ढिगात त्यांना एक चिठ्ठी लावलेलं फुलपाखरू सापडलं. ती चिठ्ठी अमेरिकेत मिनेसोटातल्या चास्का गावी एका शिक्षकानं आणि शाळेतल्या दोन पोरांनी लावलेली होती. तिथून मेक्सिकोचा डोंगर म्हणजे हजारो किलोमीटर. फुलपाखरू तिथवर उडत गेलं याचा पुरावा शाळेतल्या पोरांच्या हातून मिळाला.

आता आमच्या गावची गोष्ट पुढं सांगतो. त्या पोरीचं पाहून अकरा लेकरांनी बरण्या मांडल्या. सगळं छान झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

एकदा आमचीच चूक झाली. रविवारी पानं संपली म्हणून आम्ही शेजारच्या बागेतून डहाळ्या तोडून लेकरांना दिल्या. त्या बागेत दोन दिवसांपूर्वी फवारणी झाली होती. आम्ही विचारलंच नाही. सकाळी सात बरण्यांतल्या अळ्या मरून पडल्या होत्या. लेकरं रडली. त्यातला एक पोरगा रडला नाही. तो म्हणाला, "पान धुतलं असतं तर? अन् माझा बाबा पंप पाठीवर घेते, त्याच्या आंगावर तर रोज उडते." त्याचा बाप मजुरीनं फवारणी करतो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी ऐकलं होतं. पण आमच्या बैठकीत तोवर तो विषय कधी निघाला नव्हता. त्या दिवशी निघाला. फवारणीला जाणाऱ्या माणसाचे तोंडाचे फडके, हातमोजे, घरी आल्यावर आंघोळ, कपडे वेगळे धुणं, वाऱ्याच्या दिशेला पाठ करणं, हे आम्ही सात मेलेल्या अळ्यांमुळं बोललो.

दुसरी गोष्ट. एका पोरीच्या कोषातून फुलपाखरू निघालंच नाही. कोषाला बारीक भोक पडलं आणि त्यातून इवल्या इवल्या माश्यांसारखे किडे निघाले. ती हिरमुसली. तिला वाटलं आपलं काही चुकलं. चुकलं नव्हतं. ते किडे म्हणजे परजीवी गांधीलमाशीच्या जातीतले. त्या माश्या अळीच्या, कोषाच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतून कोष खातात. शेतीच्या भाषेत ते मित्रकीटक, न बोलावता येऊन आपली रोपं राखणारे. विषारी औषध मारलं की अळीसोबत तेही मरतात. पोरीनं वहीत लिहिलं: "फुलपाखरू नाही आलं. राखणदार आले."

आणि रोपवाटिकेत काय बदललं? अळी वेचणं थांबलं नाही, थांबणारही नाही. पण त्या पहिल्या पोरीनं आईला अंडं दाखवलं. कोवळ्या पानावर मोहरीएवढं, फिकट पिवळं, एकटं एक. मादी फुलपाखरू पानावर पाय आपटून चव घेते, आपलं झाड आहे याची खात्री झाली की अंडं घालते. आता आई अळी मोठी व्हायची वाट पाहत नाही, अंडं आणि बारीक अळीच काढते. रोप खाल्लं जात नाही. आणि त्यातली दोन-चार ती घरच्या कढीपत्त्यावर नेऊन ठेवते, कारण ही अळी कढीपत्त्यावर आणि बेलावरही जगते. आम्ही कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट आणखी. २०१५ साली महाराष्ट्रानं आपलं राज्य फुलपाखरू जाहीर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. काळ्या-निळ्या पंखांचं ते मोठं फुलपाखरू, त्याला आधी राणी पाकोळी म्हटलं गेलं, आता नीलवंत म्हणतात. त्याच्या अळ्याही लिंबू-संत्र्याच्याच कुळातल्या झाडांची पानं खातात. म्हणजे राज्याचा मान ज्याला मिळाला, तेही लहानपणी आपल्या डब्यात जाणाऱ्यांपैकीच.

सयांनो, तुमच्या गावातही हे करता येईल. पैसा लागत नाही. काय करायचं ते सांगतो.

पहिलं, एका लेकराला एकच अळी. लिंबू, संत्रा, कढीपत्ता, रुई, यापैकी ज्या झाडावर सापडली त्याच झाडाचं पान तिला द्यायचं. दुसरं पान ती खाणार नाही, उपाशी मरेल. फवारलेल्या झाडाचं पान कधीही नाही. केसाळ अळीला हात लावायचा नाही, अंगाला खाज सुटते. आणि रुईचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, पान मोठ्या माणसानंच तोडून द्यावं.

दुसरं, लहान बाटलीत पाणी भरून त्यात डहाळी खोचायची आणि तोंडाला कापूस लावायचा, म्हणजे पान टवटवीत राहतं आणि अळी पाण्यात बुडत नाही. बरणीत एक उभी काडी ठेवायची, कोष करायला आणि पुढं पंख वाळवायला.

तिसरं, वही. रोज तारीख, लांबी पट्टीनं मोजून, पानं किती खाल्ली, रंग कसा, कात टाकली का. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. लांबीचा आकडा रोज मांडला की गणितही होतं. साधारण तीन-चार आठवड्यांत अंड्यापासून फुलपाखरापर्यंत फेरा पुरा होतो, थंडीत जास्त दिवस लागतात.

चौथं, फुलपाखरू निघालं की पंख वाळू द्यायचे, हात लावायचा नाही, आणि उन्हात अंगणात सोडायचं. सोडताना घरच्या आजीला बोलवा. आमच्याकडं एका आजीनं तेव्हा सांगितलं की तरोट्याच्या भाजीला जायच्या वेळी तिच्या लहानपणी पिवळ्या फुलपाखरांचे थवे उठत. तरोट्यावर ती बारकी पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, हे आम्ही पुस्तकात वाचलं. आजीला ते पुस्तकाविना ठाऊक होतं. तिचं नाव आता नातवाच्या वहीत आहे.

मृग लागला की पालवी फुटेल आणि अळ्या येतील. तोवर बरण्या धुऊन, वाळवून ठेवा. आणि रोपवाटिकेत जाणाऱ्या सयांनो, डब्यात टाकण्याआधी एक अळी लेकरासाठी बाजूला काढा. पुढच्या वेळी आम्ही त्या वह्यांतलं काही वाचून दाखवू.